खाली राहिलेल्यांची काकी

"उचला गो, उचला! आलं बघा ते!"

पदर खोचून काकी मैदानात धावली की समजायचं, हेलिकॉप्टर धरमतरच्या खाडीच्या बाजूने येतंय. मैदानाला लागूनच तिचं घर, आणि पोह्याचे पापड ती मैदानातच जुन्या साड्यांवर वाळत घालायची. पेणमध्ये घरोघरी पापड, यात नवल ते काय!

मी ॲम्ब्युलन्स चालवतो. रोह्याकडचा पेशंट अगदीच अत्यवस्थ झाला आणि पेणच्या पुढे हायवे तुंबला, की त्याला पेणच्या मैदानावर आणायचं. तिथून हेलिकॉप्टर त्याला मुंबईला नेतं.

पहिल्या वेळी काकीला कोणी सांगितलंच नव्हतं. हेलिकॉप्टर उतरलं आणि सगळे पापड आभाळात! हेलिकॉप्टर निघून गेल्यावर बाई माझ्या अंगावर आली. "जल्लं मेलं तुझं हेलिकॉप्टर! माझी मेहनत गेली ना सगळी!"

मीही तापट. म्हटलं, "माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही पापडांचं काय घेऊन बसलात?"

ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात तिला माझ्या मागे उभी असलेली बाई दिसली. हेलिकॉप्टरमध्ये नातेवाइकाला एकच जागा. पेशंटबरोबर त्याचा भाऊ गेला होता, बायको खाली राहिली होती. तिच्या केसांत पापडाचा तुकडा अडकला होता. काकीने तो हळूच काढला, तिचा हात धरला आणि घरात घेऊन गेली. भांडण तिथेच राहिलं.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. मी कधी म्हणायचो, "काकी, यांना मी स्टँडवर सोडतो."

"वर गेला तो डाक्टरांचा. खाली राहिला तो माझा. तू जा, तुला दुसरी खेप हाय."

बरं होईल, असं तिने कोणालाच कधी सांगितलं नाही. "फोन येईपर्यंत बस," एवढंच. हातात चहा द्यायची आणि पुढ्यात पोळपाट सरकवायची. एक धिप्पाड बाप मुलीच्या काळजीने रडत रडत पापड लाटत बसला होता. काकी म्हणाली, "काय रे, नकाशे काढतोस का?" तो रडता रडता हसला. ते वेडेवाकडे पापड तिने विकले नाहीत, घरीच भाजून खाल्ले.

काका ओटीवर खुर्चीत. कंपनीतून रिटायर झालेला, अबोल माणूस. "ह्यांना घरात चहा कुठे ठेवलाय तेपण ठाऊक नाय," असं ती त्यांच्यादेखत सांगायची आणि काका खाली बघून हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात काकी पोळपाटावरच कोसळली. छातीचं दुखणं. हायवे तुंबलेला. तिच्याच मैदानावर तिला मी आणलं. डॉक्टरांशी बोलायला काकीचा मुलगा बरा, म्हणून हेलिकॉप्टरमध्ये तो बसला. काका तिच्या चपला हातात धरून उभे.

तिने मास्क बाजूला केला. "डायवर, ह्यांना बघ."

"काकी, वर गेली ती डॉक्टरांची. खाली राहिले ते माझे."

मास्क परत चढवता चढवता ती हसली. मी पाहिलं ना!

त्या दिवशी दुसरी खेप मी घेतली नाही. ऑफिसला काय बोलायचं ते बोलू दे म्हटलं. काका आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. चहा सापडला, साखर काही सापडेना. सगळे डबे धुंडाळले, शेवटी बिनसाखरेचाच प्यायलो. चपला काकांच्या मांडीवरच होत्या. संध्याकाळी मुलाचा फोन आला. काकी गेली. मी रडलो, सरळ सांगतो. काका माझ्या पाठीवरून हात फिरवत बसले.

आता हेलिकॉप्टर यायचं असलं, की मैदानातून काही उचलावं लागत नाही. सगळं मोकळंच असतं.

परवा जिते गावचा एक पेशंट आणला. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा गेला. धूळ बसली तरी पेशंटची बायको तशीच उभी. मला सवयीने वाटलं, आता काकी येईल. मग आठवलं आणि गाडीतून उतरायला निघालो, तर ओटीवरून काका उतरताना दिसले. सावकाश चालत तिच्यापाशी आले.

"चल गो. फोन येईपर्यंत बस."

तिला घेऊन जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, "तूपण ये रे डायवर. साखर सापडली."