उरकुडाजींनी पुसलेला वळ

वाघाच्या पावलाचा ठसा दिसला की उरकुडाजी आधी चपला काढत, मग वाकत. देवळातही ते इतक्या अदबीने वाकत नसतील. जंगल खात्यातला हा साधा वनमजूर. पण त्यांनी म्हणावं, "वाघीण आहे, पोटुशी आहे," आणि साहेबांनी निमूट वहीत उतरवून घ्यावं. "माणूस लबाड बोलते भाऊ, माती नाही बोलत," हे त्यांचं पालुपद.

मी मात्र बोलायचो. दर हिवाळ्यात नागपूरहून जायचं, त्यांच्या मागे रान तुडवायचं आणि परतून गप्पा ठोकायच्या. माझा वाघ सीताबर्डीत नऊ फुटी असे, कामठीला पोचेतो बैलगाडीएवढा होई. याच गप्पांना भुलून बहात्तर साली सासरेबुवा सोबत आले. लग्न नुकतंच झालेलं, त्यांनी घातलेली अंगठी बोटात नवीकोरी. तीन दिवस पायपीट केली. वाघ सोडा, मांजर दिसेना.

"जावईबापू, तुमचे वाघ सुटीवर गेले वाटतं!" सासरे हसले.

चौथ्या दिवशी सकाळी तळ्याकाठच्या चिखलात मी मूठ दाबली, वर चार बोटं टेकवली आणि अशी आरोळी ठोकली की माकडांनी झाडं बदलली. सासरे धावले, मुक्कामाला असलेले साहेबही आले. उरकुडाजी चपला काढून वाकले. ठशाच्या कडेला अंगठीचा वळ उमटला होता. मलाही तो तेव्हाच दिसला. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अंगठ्याने वळ पुसला.

"वाघ आहे साहेब. नवा आहे."

सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली. साहेब मात्र भोवतालचा चिखल न्याहाळत होते. "उरकुडा, पुढचं पाऊल कुठं आहे? एका पायाचा वाघ आहे काय? पाहुण्यांसाठी ठसे बनवून राहिला का तू?"

उरकुडाजींनी मान खाली घातली. "चुकलो साहेब."

एका वाघाचे बारा करणारा मी! अंगठीचा हात तेवढा खिशात घातला.

त्यांना ठशांच्या कामावरून काढून जंगलाच्या फाटकावर बसवलं. निघताना मी कसंबसं विचारलं, "काहून केलं असं?"

"सासऱ्यासमोर जावयाची पत जाऊन राहिली होती भाऊ."

पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा आडवा बांबू उचलता उचलता त्यांनी माझं मोकळं बोट पाहिलं. "काहून भाऊ, वाघानं अंगठी काढून टाकली का?"

बांबू वर गेला.

"तळ्यावर ताजा ठसा आहे म्हणतात. मले तिकडं जाता येत नाही. पाहून या, अन् कसा आहे ते सांगा." मी चार पावलं गेलो तसे मागून म्हणाले, "आहे तसाच सांगा."