चेंडू सोडणारा आणि मी

मस्कतला ज्यांनी गाडीचं लायसन्स काढलंय, त्यांना मी कितीदा नापास झाले हे सांगायची गरज नाही. त्यांनी स्वतःचा आकडा घ्यावा आणि त्यात चांगली सढळ हाताने भर घालावी.

पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची परीक्षा, जिला इथे सगळे ‘ड्रम’ म्हणतात, ती मी पहिल्या झटक्यात पास झाले. चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरू देता उचलायची, तीही जमली. घोडं अडलं ते रस्त्यावर, आणि रस्त्यावरही फक्त राउंडअबाउटला, म्हणजे इथल्या गोल चौकांना. नाशिकला मी कॉलेजपासून स्कूटी चालवलेली. तिकडे कुठल्याही चौकात मान आधी उजवीकडे वळते, कारण येणारी गाडी उजवीकडून येते. ओमानमधे सगळं उलटं. गाड्या डावीकडून येतात आणि माझी मान इमानेइतबारे उजवीकडे. बरं, उजवीकडे कोण? तर शेजारी बसलेले शिकवणारे उस्ताद. म्हणजे प्रत्येक राउंडअबाउटला मी थांबायची आणि ‘जाऊ का?’ अशा चेहऱ्याने त्यांच्याकडे बघायची. मागे हॉर्न वाजायला लागायचे.

“मॅडम,” ते म्हणायचे, “मेरे मूंह पे सिग्नल नहीं है.”

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्या वर्षी ते परवडणारं नव्हतं. नवरा पाचेकशे किलोमीटर लांब, दुक्मला बंदराच्या कामावर होता. त्याचं कंत्राट मार्चमधे संपणार होतं आणि पुढचं कुणी काही बोलत नव्हतं. मुलगी नववीत, दहावीचं वर्ष तोंडावर. मला मात्र बऱ्याच वर्षांनी रुसैलच्या एका कंपनीत इंजिनियर म्हणून काम मिळालं होतं, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. साइटवर स्वतः गाडी घेऊन जाता आलं तर कायम करणार, नाहीतर खलास. मी कायम झाले तर आमचं घर इथे टिकणार होतं. नाहीतर मार्चनंतर तिघांनी सामान बांधायचं आणि मुलीला ऐन दहावीत नव्या शाळेत नेऊन बसवायचं. आणि हे सगळं लटकलं होतं माझ्या मानेवर, अगदी शब्दशः.

उस्ताद साठीच्या आसपासचे, मस्कतच्या सीब भागातलेच बलुची. तरुणपणी मत्रहच्या बाजारात एका भारतीय व्यापाऱ्याच्या दुकानात होते, तिथे हिंदी शिकले. डोक्यावर भरतकामाची टोपी, गाडीत उदाचा वास, आणि आवाज कधीही न चढणारा. माझ्या आधीच्या तासाला कोकणातले एक दादा शिकायचे. चिपळूणजवळच्या गावचे, लिफ्ट दुरुस्त करायचं काम. त्यांचा तास संपला की ते मागे बसायचे, मी पुढे यायची, आणि माझा तास संपेपर्यंत आम्ही तिघं सीबभर फिरायचो. माझे धक्के दादांनी मागे बसून निमूट सहन केले, त्याबद्दल त्यांचेही आभार मानायला हवेत.

या गाडीत अमेरिकन फुटबॉल शिरला तो उस्तादांच्या मुलीमुळे. ती स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकत होती आणि तिथल्या एका संघाच्या नादी लागली होती. संघ हरणारा. दर रविवारी सामना, म्हणजे आमच्याकडे सोमवारच्या पहाटे निकाल, आणि सोमवारी संध्याकाळी गाडीत चर्चा. मला आणि दादांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच समजलं, की एकजण लंबगोल चेंडू लांब फेकतो आणि दुसरा जिवाच्या आकांताने पुढे पळत जाऊन तो पकडतो. या पकडणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात. आणि आमच्या संघाने, हो, तोवर तो आमचा झाला होता, त्या वर्षी एक कोरा करकरीत रिसीव्हर घेतला होता. पोरगं वाऱ्यासारखं पळायचं आणि हातात आलेला चेंडू सोडायचं.

सिग्नलला उस्ताद मोबाइलवर ती दृश्यं दाखवायचे. पोरगा मोकळ्या जागेत एकटा उभा, चेंडू सरळ ओंजळीत, आणि ओंजळीतून खाली.

“इसको निकालो,” उस्ताद म्हणायचे. “आज निकालो. सबर का भी हद होता है.”

“बरोबर बोलतायत,” मागून दादा. “ताई, आमच्या गावच्या टीममधे कुणी दोन क्याच सोडलान की तिसऱ्या म्याचला त्याला पाणी द्यायला बसवतात. ह्याने तर लाजच सोडलान.”

“अहो, पण नवीन आहे तो,” मी म्हणायची. “जरा वेळ द्या की.”

“किती वेळ? म्हातारा होईस्तोवर?”

मग उस्ताद मुलीचं म्हणणं सांगायचे. ती कट्टर त्या पोराच्या बाजूची. म्हणायची, अब्बा, चेंडू पकडायला शिकवता येतं, पण मोकळी जागा हेरून तिथे पोचायला शिकवता येत नाही, आणि हा दर वेळी पोचतो. चेंडू हातात यायच्या आधीच पुढे कुठे पळायचं ते बघतो, म्हणून सोडतो. नजर सुधारली की सगळं सुधारेल. हे सांगून झालं की उस्ताद मान हलवायचे आणि पुन्हा म्हणायचे, “निकालो.”

माझं त्या पोरावर प्रेम का बसलं हे वेगळं सांगायला नको. तोही नवा, मीही नवी, आणि दोघांच्याही नजरेचा घोळ. सोमवारी सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी त्याचा निकाल बघायला लागले. घरी बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना एकदा चक्क त्याच्यासाठीही दोन शब्द बोलले. मुलगी ऐकत होती. “आई, तू सिरियसली त्या प्लेयरसाठी प्रे केलं? यू नीड हेल्प,” म्हणाली.

दादा डिसेंबरच्या सुरुवातीला पास झाले. त्याच आठवड्यात मी पुन्हा नापास. परीक्षकांनी राउंडअबाउट संपायच्या आतच “खलास” म्हटलं आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. घरी आले तर मुलीने आधीच चहा करून ठेवला होता, ते जास्त लागलं. दुक्मला फोन केला. नवरा म्हणाला, होईल गं पुढच्या वेळी. त्याचा आवाज इतका थकलेला होता की मी भांडलेसुद्धा नाही.

पुढच्या तासाला गाडीत एक नवीन गोष्ट सुरू झाली. राउंडअबाउट आला की उस्ताद माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघायला लागायचे. मी उजवीकडे वळले की मला त्यांचा चेहरा दिसायचा नाही, टोपीची मागची बाजू दिसायची. एकदा झालं, दोनदा झालं. मला वाटलं, संपलं, कंटाळले. यांनीसुद्धा हात टेकले. त्यात सोमवार, त्यात पोराने आदल्या दिवशी परत एक सोपा चेंडू सोडलेला आणि उस्तादांचं “निकालो, निकालो” चालू. माझं डोकं सटकलं. मी गाडी नीट कडेला घेतली, इंडिकेटर देऊन, आणि माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत त्यांच्यावर तुटून पडले. म्हटलं, मलाही काढून टाका. घरी जाऊन माझ्याबद्दलही हेच बोलत असाल. त्या बिचाऱ्याला तुमचं ऐकू तरी येत नाही, मला रोज इथे बसून ऐकावं लागतं.

उस्तादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मॅडम, तुम मेरे को देखता है, इसलिए मैं बाहर देखता है,” ते म्हणाले. “तुमको मेरा मूंह नहीं मिलेगा, तो तुम रोड देखेगा.”

मी ओशाळून स्टिअरिंगकडे बघत राहिले. मग ते हळूहळू मुलीबद्दल बोलायला लागले. ती गेली त्या पहिल्या वर्षी रोज पहाटे, फजरच्या नमाजनंतर फोन करायची. ठीक आहे अब्बा, खाल्लं अब्बा, अभ्यास चालू आहे अब्बा, आणि मासलामा, म्हणजे अच्छा. एवढ्यावर फोन बंद. घरात तिची आई फोन हातात घेऊन तशीच बसून राहायची. मग या फुटबॉलचं सुरू झालं. उस्तादांना लवकरच कळलं, की पोरगा चांगला आहे म्हटलं तर मुलगी खूष होऊन फोन ठेवते. आणि त्याला काढा म्हटलं तर भांडते. तासभर भांडते. भांडता भांडता मग बाकीचं सगळं सांगते. प्रोफेसर रागावले ते, थंडीत बूट फाटले ते, एका दिवशी रडली ते.

“वो लड़का बॉल छोड़ता है,” ते म्हणाले, “तो मेरा बेटी मेरे से बात करता है. अल्ला उसको सलामत रखे.”

मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. मागच्या सीटवर त्या दिवशी कुणी नव्हतं हे बरं झालं. मी गाडी चालू केली आणि आम्ही त्याच राउंडअबाउटला परत गेलो. ते खिडकीबाहेर बघत होते. मी डावीकडे बघितलं, मोकळी जागा दिसली आणि कुणालाही न विचारता आत शिरले. पलीकडे निघाल्यावर त्यांनी फक्त “यल्ला, एक और” म्हटलं. त्या संध्याकाळी आम्ही सीबमधले सगळे राउंडअबाउट पालथे घातले.

जानेवारीत मी पास झाले. परीक्षकांनी कागदावर सही केली तरी मी गाडीतून उतरेना, त्यांना दोनदा सांगावं लागलं. उस्ताद बाहेर उभे होते. त्यांनी मला गाडीची किल्ली दिली आणि म्हणाले, आता मला घरी सोडा, बायकोने हलवा केलाय. मी पास होणार हे धरून तिने सकाळपासूनच हलवा केला होता, आणि मी नापास झाले असते तर त्याचं काय केलं असतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांच्या बैठकीत गालिच्यावर बसून कावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, घेत होतो तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. उस्तादांनी फोन माझ्याकडे वळवला. गोल चेहऱ्याची, चष्मेवाली, हसरी मुलगी.

“आंटी, तुम ही वो मॅडम हो?” तिने विचारलं आणि जोरजोरात हसायला लागली. मग तिने सांगितलं, की अब्बा आमच्या रिसीव्हरला काढा म्हणाले की ती म्हणायची, मग तुम्हीही तुमच्या त्या मॅडमना काढा, त्याही तर तेवढ्याच वेळा नापास झाल्यात. आणि अब्बा दर वेळी चिडायचे. खरे चिडायचे. म्हणायचे, मॅडमबद्दल एक शब्द बोलायचा नाही. ती बाई दिवसभर नोकरी करून येते, घर एकटी सांभाळते, नापास झाली की दुसऱ्या दिवशी वेळेवर येऊन उभी राहते. मॅडमची गोष्ट वेगळी आहे.

उस्ताद तोवर हलव्याच्या ताटात डोकं घालून बसले होते. “खाओ मॅडम, ठंडा होता है,” एवढंच म्हणाले.

कुणीतरी आपल्या पाठीमागे आपली बाजू घेऊन रोज भांडतंय, स्वतःच्या लाडक्या मुलीशी भांडतंय, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, हे कळल्यावर माणसाने काय करावं? मला माझ्या सख्ख्या नातेवाइकांबद्दलही ही खात्री नाही. मी ताटातला सगळा हलवा संपवला. गोड फार होता. त्या घराचं माझ्यावर ऋण आहे आणि ते फेडायची मला अजिबात घाई नाही.

त्या पोराला संघाने पुढच्या वर्षासाठी ठेवलं. शेवटच्या काही सामन्यांत त्याने चेंडू पकडले, सगळे नाही. उस्तादांनी आता त्याला सोडून चेंडू फेकणाऱ्याला धरलंय. त्याला काढा म्हणतात. फोन चालू आहेत.

फेब्रुवारीअखेरीस कंपनीने मला कायम केलं. नवऱ्याला त्याच दुपारी फोनवर सांगितलं. ‘बरं झालं,’ म्हणाला, दोनच शब्द, आणि त्याला कुणी हाक मारली म्हणून फोन ठेवला. मला थोडा रागच आला. त्या गुरुवारी तो दुक्महून बसने येणार होता. दर वेळी तो टॅक्सी करून घरी यायचा आणि शुक्रवारचा सबंध दिवस आम्हाला घेऊन किराणा, क्लास, दवाखाना करत गाडी चालवायचा. या वेळी मी आणायला गेले. संध्याकाळची वेळ होती. तो बसमधून उतरला, खांद्यावर बॅग, बुटांवर तिकडची पांढरी धूळ, आणि सवयीने सरळ माझ्या बाजूच्या दाराशी येऊन उभा राहिला. काचेतून मला बघितलं, हसला, आणि गाडीला वळसा घालून पलीकडे बसला.

मी बोलत सुटले. साहेब काय म्हणाले, कोणती साइट मिळणार, आता तू निवांत दुसरी नोकरी बघ, मिळाली नाही तरी वर्षभर आपण तरतोय, मुलीची दहावी इथेच. तो काहीच बोलेना. मला वाटलं, वाईट वाटलं की काय, बायकोच्या पगारावर राहायचं म्हणून. सिग्नल लाल झाला तशी मी उजवीकडे बघितलं.

तो झोपला होता. तोंड उघडं, मान काचेला टेकलेली. गेलं वर्षभर हा माणूस सुट्टीला घरी यायचा आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचा, मला माहीत नाही असं समजून. सिग्नल हिरवा झाला. आमच्या बिल्डिंगचं वळण आलं तेव्हा मी वळले नाही. मुलीला फोन करून सांगितलं, यायला उशीर होईल, बाबा झोपलेत, आणि समुद्राच्या रस्त्याने सावकाश गाडी चालवत राहिले.