आई उपासनेतून उठून गेली तो आठवडा

आई गोष्टी विसरायला लागली त्याला तिसरं वर्ष चालू होतं, आणि त्या तीन वर्षांत मी माणसात राहिलो तो आमच्या मंडळीमुळे.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, प्रेस्बिटेरियन पंथाची. आमच्यात बिशप नसतो. सभासदांनी निवडलेली चार-पाच माणसं कारभार बघतात, त्यांना आम्ही 'वडील' म्हणतो, मग वयाने ती तिशीतली का असेनात. कर्जतला नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल आहे, पूर्वी तिथे भाताची गिरणी होती. तेच आमचं मंदिर. रविवारी साठ-सत्तर माणसं जमतात. देशावरून नोकरीपायी इकडे आलेली आमच्यासारखी घरं, कुंभिवलीच्या कारखान्यांत काम करणारी परप्रांतातली मंडळी, पळसदरीच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतल्या तीन-चार बाया. कोणी नवं माणूस दारात घुटमळलं तर आमचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, उपदेश अर्ध्यावर थांबवून त्याला आत बोलावायचे.

आई देशावरच्या एका मिशन दवाखान्यात परिचारिका होती. माझे वडील मी चार वर्षांचा असताना वारले. पुढे तिने रात्रपाळ्या करून मला शिकवलं. मला खालापुरात कारखान्यात नोकरी लागली आणि ती निवृत्त झाली, तेव्हा ती माझ्याकडे आली. मी लग्न केलं नाही. आम्ही दोघंच. ती आधी चष्मा विसरायला लागली, मग गॅस, मग माझं नाव. मी वेळेआधी नोकरी सोडली.

पहिल्यांदा तिला मी अंघोळ घालायला गेलो तो दिवस मला विसरता येत नाही. तिने दोन्ही हातांनी अंग झाकून घेतलं आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. परका पुरुष आत आला असं तिला वाटलं होतं. मी बादली तशीच ठेवून बाहेर आलो. पुढच्या आठवड्यात पाळकबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीने, मला काही न विचारता मंगळवारची महिला सभा कायमची आमच्या घरी आणली. त्या आणि एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतंच 'बाई' म्हणतात, अर्धा तास आधी यायच्या, आईला न्हाऊ घालायच्या, तिची वेणी घालायच्या, मग बाकीच्या बायका आल्या की गीतं व्हायची. बुधवारी पाळकसाहेब आमच्याकडे बायबल अभ्यासाला येताना तिच्यासाठी मऊ पेरू आणायचे. शुक्रवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची, तिथे मी आईला रिक्षाने न्यायचो. शनिवारी हॉल झाडून सतरंज्या घालायच्या कामात तीही असायची. एकच कोपरा पुन्हा पुन्हा झाडायची, आणि तिला कोणी टोकत नसे. आठवडा असा आखलेला होता म्हणून मी एकेक दिवस ढकलू शकत होतो.

तो रविवार एप्रिलमधला होता. मी उपासनेत पेटी वाजवायचो आणि आईला माझ्या शेजारीच खुर्चीवर बसवायचो. त्या दिवशी ती सकाळपासून अस्वस्थ होती. दुसरं गीत सुरू होणार तेवढ्यात तिने माझी बाही धरली.

"मला जाऊ दे. उशीर होतोय."

"आई, गप बस आता," मी म्हणालो आणि तिचा हात झटकला. जोरात नाही, पण झटकला. मग मी भात्यावर हात ठेवला.

गीताला पाच कडवी होती. डोळे मिटून वाजवायची मला सवय आहे. उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, बाई तिला मागे घेऊन गेल्या असतील. बाईंना वाटलं, ती माझ्यापाशी आहे. शास्त्रपाठ झाला, प्रार्थना झाली, आणि मगच आमची दोघांची नजरानजर झाली.

उपासना तिथेच मोडली. सगळे बाहेर धावले. नदीचा घाट, बाजार, स्टेशनचे सगळे फलाट, रिक्षा स्टँड. चौकात गॅरेज असलेले आमच्या मंडळीतले एक वडील आहेत, त्यांनी दुचाकीवरून कोंडिवड्यापर्यंतचा रस्ता बघितला. स्टेशनवर घोषणा करायला लावली. दुपारी पोलिसांत नोंद केली. तिथल्या हवालदारांनी अंगावरच्या खुणा विचारल्या, तर माझ्या आईच्या अंगावरची एकही खूण मला सांगता येईना. पाळकबाईंनी सांगितल्या. उजव्या पोटरीवर भाजल्याचा डाग, पाठीवर तीळ.

संध्याकाळी एका मिठाईच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ती दिसली. पांढरी साडी, काखेत बायबलची पिशवी. ताठ, झपाझप चालत होती, घरात ती तशी कधीच चालत नसे. रस्त्याच्या कडेला थांबली. मागे वळून हॉलच्या दिशेने बघितलं. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी बराच वेळ उभी राहिली. मग पळसदरीच्या रस्त्याला लागली. दुकानदाराने ते चित्रण माझ्या मोबाईलवर पाठवलं आणि मी ते त्या चार दिवसांत किती वेळा बघितलं याला गणती नाही. ती उभी होती तेव्हा मी पेटी वाजवत होतो.

सोमवारी पळसदरीचं धरण बघितलं. पाणी खाली गेलेलं होतं, काठाला चिखल भेगाळला होता. दोन पोहणारे आत उतरले, तेव्हा मी तिकडे पाठ करून उभा राहिलो. ते काही न सापडता वर आले, तर मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं एवढंच वाटलं, की आता आणखी किती ठिकाणी असं पाठ करून उभं राहायचं. ऊन असं होतं की दगडाला हात लावता येत नव्हता. ती बहात्तर वर्षांची होती आणि तिच्यापाशी पाणी नव्हतं. पाणी मागायचं असतं हेही तिला आठवेल की नाही, ठाऊक नव्हतं.

मंगळवारी ठरल्या वेळी बायका आल्या. सवयीने कोणीतरी टॉवेल आणि खोबरेल तेल घेऊन आली होती. ते हातात धरून ती दारात उभी राहिली आणि सगळ्यांनाच रडू फुटलं. नंतर बाईंनी त्यांच्या जोड्या लावल्या आणि त्या आईचा फोटो घेऊन खोपोलीपर्यंतच्या प्रत्येक दवाखान्यात, हॉटेलात, बसथांब्यावर फिरल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा पाळकबाईंच्या पायाला फोड आले होते. आईला कुठेही कोणी बघितलं नव्हतं.

बुधवारी मी पाळकसाहेबांशी वाईट वागलो. बायबल अभ्यासाची वेळ होती, माझ्या घरात पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसली होती. त्यांनी पुस्तक उघडलं आणि हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचायला घेतला. नव्व्याण्णव मेंढरं सोडून मेंढपाळ एका मेंढराच्या मागे जातो, तो. मी मध्येच उठलो. म्हणालो, मेंढपाळ गेला होता, बसून वाचत नव्हता. आणखीही बोललो. देवाला विचारा म्हणालो, की त्याच्या घरात, त्याचंच गीत चालू असताना ती गेली, तेव्हा तो कुठे बघत होता. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. मला वाटलं, रागावून गेले. खिडकीतून बघतो तर गॅरेजवाल्या वडिलांच्या मागे दुचाकीवर बसत होते. अंधार पडेपर्यंत ते दोघं रुळांच्या कडेच्या पायवाटा धुंडाळत होते.

गुरुवारी सकाळी वाडीतून निरोप आला. आमच्या मंडळीत येणारी वाडीवरची एक बाई, वयाने पन्नाशीची, दर रविवारी दाराजवळ बसायची आणि उपासना संपली की बाजारात करवंदं विकायची. सोमवारपासून तिने आणि तिच्या वाडीतल्या बायांनी करवंदं तोडणं सोडून डोंगराची अंगं पालथी घातली होती. तिच्याकडे फोन नव्हता. खाली पळसदरीला येऊन तिने एका दुकानातून पाळकसाहेबांना फोन लावायला सांगितलं.

आम्ही गेलो तेव्हा बायांनी आईला चादरीच्या झोळीत घालून, बांबूला बांधून, अर्धी वाट खाली आणलं होतं. मी समोर दिसताच त्या बाईने लांबूनच हात वर केला.

"दादा, म्हातारी हाय. श्वास हाय तिचा."

आई एका कोरड्या ओहोळात करवंदीच्या जाळीखाली पडलेली सापडली होती. ओठ फाटलेले आणि करवंदांच्या रसाने काळे, साडीच्या चिंध्या, एक पाय वाकडा. मी तिच्या तोंडाशी कान नेला. ती काहीतरी पुटपुटत होती, मला कळेना. मी त्या बाईला विचारलं, सापडली तेव्हा काही बोलली का.

ती आधी सांगेना. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "पानी पाजलं तवा बोलली. मला घरी पोचवा म्हनली. पोरगा लहान हाय, यकटा हाय, दार लावून ठेवलंय त्याला म्हनली."

तिच्या रात्रपाळ्यांच्या दिवसांत ती मला आतून कडी घालायला लावून जायची. सहा-सात वर्षांचा होतो मी. सकाळी तिचा आवाज ऐकला की स्टुलावर चढून कडी काढायचो. म्हणजे ती हॉलमधून माझ्यापासून निघाली होती ती माझ्याकडेच यायला. चार दिवस ती चालत होती, पडली होती, ती त्या पोरासाठी. आणि ज्याने हात झटकला तो पन्नाशी उलटलेला माणूस तिचा कोणीच नव्हता.

झोळीचं एक टोक मी खांद्यावर घेतलं. खाली येईपर्यंत ते सोडलं नाही.

ती वाचली. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की तिची तब्येत बघता शस्त्रक्रिया झेपणार नाही आणि ती आता चालू शकणार नाही. पाळकसाहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला. मला आधार हवा असेल असं त्यांना वाटलं. पण डॉक्टर ते वाक्य बोलले तेव्हा माझ्या मनात काय झालं ते मी त्यांना सांगू शकलो नाही.

तीन आठवड्यांनी आईला घरी आणलं. मंडळीने आपला आठवडा पुन्हा माझ्या घराभोवती लावला. दुपारी पेज घेऊन कोणी येतं, तिला कूस बदलून द्यायला कोणी येतं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून गॅरेजवाल्या वडिलांनी हवेची गादी आणून दिली. मी मात्र रविवारी जायचं सोडलं. आईला एकटं टाकता येत नाही, हे कारण खरंही होतं. तसं तिच्यापाशी थांबायला चार माणसं तयार होती.

मग एका शुक्रवारी प्रार्थनासभा आमच्या घरी झाली. आमच्यात रीत आहे, शेवटी प्रत्येकाने आपलं मागणं सांगायचं. कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाच्या भावाची दारू. माझी पाळी आली. आई आतल्या खोलीत झोपली होती. मी म्हणालो, मला मागायचं नाही, सांगायचं आहे.

"ती चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं. आता कुठे जाणार नाही, असं वाटलं. मोडलं ते बरं झालं, असं वाटलं."

पाळकसाहेब बोलायला गेले आणि थांबले. बाई, त्या शिक्षिका, सतरंजीवरून जरा पुढे सरकल्या.

"आमचे हे अकरा महिने अंथरुणाला होते," त्या म्हणाल्या. "मी दर शुक्रवारी तुमच्यासमोर त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना मागायचे. घरी गेले की म्हणायचे, देवा, आजच ने. दोन्ही प्रार्थना मीच करत होते. आजवर कोणाला सांगितलं नाही."

एवढंच त्या बोलल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, बायबलमधलं वचन सांगितलं नाही. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, बाकीच्यांनीही मिटले, आणि त्या दिवशी मोठ्याने प्रार्थना कोणीच केली नाही. थोड्या वेळाने एकेक जण उठला. आपापला चहाचा कप प्रत्येकाने विसळून ठेवला. दारात पाळकसाहेब म्हणाले, रविवारी नाही आलात तरी चालेल, आम्ही येतो. मी मान हलवली. मला हलकं वाटलं नाही. मनातलं बाहेर आलं की ओझं उतरतं म्हणतात, माझं उतरलं नाही. फक्त ते ओझं कसं असतं हे बाईंनाही ठाऊक होतं.

सगळे गेल्यावर मी आत गेलो. आई जागी होती, छताकडे बघत होती.

"कोण आहे?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "मी."

"मी म्हणजे कोण?"

मी माझं नाव सांगितलं. लहानपणी ती ज्या नावाने हाक मारायची तेही सांगितलं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, परक्या माणसाकडे बघतात तशी, सभ्यपणे. मग "बरं" म्हणाली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तिची कूस बदलायची वेळ झाली होती. मी तिच्या पाठीखाली हात घातला, तर तिचं सगळं अंग ताठ झालं. तरी मी तिला वळवलं. दुसरं काय करणार.