नव्या गाडग्यातला रस्सा

साल दोन हजार सतरा. माझं वय एकाहत्तर. त्या साली मी गाव सोडलं.

म्हसवडपासून आत आमची वाडी. घराणं मेंढरं राखणारं, हल्ली थोडी बाजरी-ज्वारीही. माझी मालकीण हौसा उन्हाळ्यात गेली. पोरगा तानाजी फौजेतून सुटून कराडला लागून असलेल्या मलकापुरात फ्लॅट घेऊन राहिलेला. तो म्हणाला, "आबा, आता एकटं ऱ्हायाचं न्हाई." मी लय ताणलं, पण शेवटी निघालो.

निघायच्या दिवशी बापूच्या, म्हंजे माझ्या धाकट्या भावाच्या अंगणात सकाळीच चूल पेटली. आमच्यात लांब निघालेल्या माणसाला कोरड्या तोंडानं धाडत नाहीत. बकरं पडतं, भावकी जेवते, मग माणूस पाय उचलतो. आमचा बा म्हणायचा, "घरचं पोटात आसलं म्हंजी पाय परत हिकडंच वळत्यात."

पण मी मटण सोडलेलं होतं. तानाजी नोकरीत असताना वर काश्मिराकडं बर्फाखाली सापडला. जिता हाय का न्हाई, काही कळेना. हौसानं म्हसवडला सिद्धनाथाच्या पायरीवर नवस बोलला, की पोरगं धड घरी येऊ दे, आम्ही दोघं जन्मभर मटण खाणार नाही. मला विचारलंसुद्धा नाही. मी चिडलो, तर म्हणते कशी, "आवं, मी तशीबी एक फोड खाती. माज्या एकटीच्या सोडन्यानं देवाला काय पटनार? तुमी हाडं चोखून खाताय, म्हून तुमचं नाव घातलं." पोरगा आला. एका पायानं थोडा फेंगडा चालतो, पण आला. तवापासून मी मटणाला शिवलो नाही. एकदा धरलं ते सोडायचं नाही, हा माझा स्वभावच हाय. चौथी शिकलेल्या माणसाला दुसरं काय असतं मिरवायला?

तर बापूला हे सगळं ठाऊक. त्यानं भावकीसाठी बकरं पाडलं, आणि माझ्यासाठी म्हसवडच्या बाजारातून कोरं गाडगं आणलं. त्यात त्याच्या बायकोनं, सुंदरानं, वेगळा रस्सा केला. वाटण तेच, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, घरचं तिखट. त्यात मटण नाही, शेवग्याच्या शेंगा. चूलसुद्धा वेगळी मांडली होती. बापू स्वतः वाढायला आला. म्हणाला, "दादा, ह्यात मटान न्हाई. गाडगं कोरं हाय. नुसता रस्सा हाय, चार घास खा आन् मग जा."

गाडग्यावरचं झाकण काढलं आणि वास आला. मी ताट बाजूला सारलं. साऱ्या भावकीपुढं म्हणालो, "वास आला म्हंजी मटान आलं. रस्सा काय आन् फोड काय, देवाला सगळं कळतंय. तुला माझा नवस मोडायचाय काय रं?"

बापूनं गाडग्यावर परत झाकण ठेवलं. एक चुलतभाऊ हसला, "आरं, आबा तर बामनाच्या वर गेला की!" सुंदरा पदर तोंडाला लावून आत गेली. मी दशमी आणि चटणी फडक्यात बांधून घेतली आणि तसाच वडापच्या जीपमध्ये बसलो. सोडायला सगळी आली, बापू नाही आला. तो वाघराच्या जाळीत मेंढरांकडं तोंड करून उभा होता, त्याची पाठ मला जीपमधून दिसत होती.

त्याला आठ वर्षं झाली. दरसाल रथाच्या जत्रेला म्हसवडला जातो, सिद्धनाथापुढं डोकं टेकतो आणि तिथूनच मागं फिरतो. वाडी तिथून घटकाभराच्या वाटेवर, पण पाय वळले नाहीत. बापूनंही निरोप धाडला नाही. दोघंही एकाच बाची पोरं.

मलकापुरात काय उणं नाही. लिफ्ट हाय, नळाला पाणी हाय, खाली उतरलं की बाग हाय, तिथं माझ्यासारखी उठून आलेली म्हातारी बाकावर बसतात. कुणी जतचं, कुणी आटपाडीचं, कुणी दहिवडीचं. सगळ्यांच्या पायात पोरांनी घेऊन दिलेले बूट आणि सगळ्यांचं बोलणं गावाकडच्या पाऊसपाण्याचं. गावी असताना मी कुणाला विचारून जेवलो नाही. इथं सून विचारते, "मामा, ब्रेकफास्टला काय करू?" चांगली पोर हाय. माझ्यामुळं तिनं घरात अंडंसुद्धा आणलं नाही. मी आल्या दिवशीच सांगितलं होतं, ह्या घरात मटणाचा वास आला तर मी गावी जाईन. जाणार कुठं होतो, ते मलाच ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी टीव्हीवर क्रिकेट लागलेलं. नात कॉलेजातून आली, हातात वेफर्सचं पाकीट. माझ्यापुढं वाटीत ओतलं आणि म्हणाली, "आबा, खा. नवीन आलंय." आणि फोनवर बोलत गॅलरीत गेली.

मी एक तोंडात टाकला. आधी मीठ लागलं, मग तिखट, आणि मग जिभेच्या मागल्या बाजूला भाजलेलं खोबरं आणि त्याच्या खाली ते. मटणाचा रस्सा. शंभर टक्के. मी थबकलो.

इथं मी खरं तेच लिहिणार हाय. पहिला वेफर नकळत गेला. बाकीची वाटी मी कळून-सवरून खाल्ली. तळाला राहिलेली तांबडी भुकटी बोट फिरवून चाटली. नात आत आली तवा वाटी लख्ख होती.

"काय होतं गं ते?" मी विचारलं.

तिनं पाकीट दाखवलं. इंग्रजी मला येत नाही, पण वर वाडग्याचं चित्र होतं, लाल रस्सा आणि त्यात हाडाचा तुकडा. ती हसायला लागली. "मटण रस्सा फ्लेवर! घाबरू नका आबा, व्हेज हाय. हा बघा हिरवा ठिपका. सगळं मसाल्याचं असतंय."

"मग त्याला मटनाची चव कुठनं आली?"

"कंपनीला येतंय की करायला."

आमच्या वेळी चव हाडाला चिकटलेली असायची. चव पाहिजे तर बकरं पाडावं लागायचं. आता कंपनीनं चव तेवढी सोडवून पाकिटात भरली आणि वर हिरवा ठिपका मारला. मग मी खाल्लं काय? संध्याकाळी तानाजी कामावरून आला. दाराबाहेर त्याच्या फेंगड्या पायाचा आवाज आला. ह्याच पायासाठी बोललेला नवस, आणि मी बोटानं वाटी चाटून बसलो होतो. त्याला सांगितलं तर तो हसला. "आबा, त्यात मटान न्हाई म्हंजी नवस मोडला न्हाई. साधी गोष्ट हाय."

साधी असती तर मला जेवण गेलं असतं.

कारण मी मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी चालून बघितलं. वास आणि चव म्हंजे मटणच, हे मी स्वतःच भावकीपुढं सांगितलेलं. ते खरं धरलं तर माझा नवस मोडला आणि पोराच्या जिवावरचं पांघरूण मीच ओढून काढलं. आणि तानाजी म्हणतो ते खरं धरलं, मटण नाही म्हंजे दोष नाही, तर बापूच्या कोऱ्या गाडग्यात काय वाईट होतं? कंपनीच्या कारखान्यात कुणी कोरं भांडं घेतलं होतं काय माझ्यासाठी? त्यांच्या ठिपक्यावर विश्वास ठेवायला मी तयार, आणि पाठच्या भावाच्या शब्दावर ठेवला नाही. कुठूनही गेलं तरी मी चोर.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी बागेत शेजारच्या फ्लॅटमधल्या अक्का भेटल्या. जतच्या, घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी मटण खाल्लेलं नाही, बोलण्यात कानडी हेल. म्हटलं, ह्यांना विचारावं, ह्या तर जन्मापासून शाकाहारी. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"अण्णा, माझी नातवंडंबी खातात की ते. मीबी खाल्लं एकदा. मला नुसतं तिखट लागलं. मटण कसं लागतंय तेच मला म्हाईत न्हाई, तर आठवणार काय? तुमच्या जिभेला म्हाईत हाय, म्हणून तुम्हाला बोचतंय."

"मग मी खावं का न्हाई?"

"मला काय इचारता? नवस कुणी बोलला?"

"मालकिणीनं."

"मग मालकीण घरात तुम्हाला काय करून घालत होत्या, ते बघा की."

एवढं बोलून त्या तुळशीला पाणी घालायला निघून गेल्या, आणि मी बाकावर बसून राहिलो.

हौसा काय घालत होती? नवसानंतर पहिल्याच रविवारी तिनं शेवग्याच्या शेंगा आणल्या. कांदा भाजला, खोबरं भाजलं, तीळ भाजले, सगळं मटणाचं वाटण. म्हणाली होती, "देवाला तुमी मटान दिलंय, जीभ न्हाई दिली." नंतर ती जाईपर्यंत दर रविवारी तेच. मी त्याला काही नावच दिलं नव्हतं. हौसाच्या हातचं, एवढंच. आणि सुंदरा लग्न होऊन आली तवा तिला चुलीपुढं बसवून हे वाटण शिकवलं ते हौसानंच.

म्हंजे बापूच्या अंगणात गाडग्याचं झाकण निघालं तवा जो वास आला, तो मटणाचा नव्हताच. तो माझ्या घरचा रविवार होता. आणि मला ते त्याच घटकेला कळलं होतं. हौसा जाऊन तीन महिने झालेले. एक घास घेतला असता तर साऱ्या भावकीपुढं माझ्या डोळ्याला धार लागली असती. एकाहत्तर वर्षांचा गडी, शेंग चोखत रडतोय. ते मला नको होतं. म्हणून मी देवाचं नाव पुढं केलं आणि भावावर नवस मोडल्याचा आळ घातला. वेफर खाताना नातीची पाठ होती, बघायला कुणी नव्हतं, म्हणून वाटी चाटली. फरक तेवढाच.

गावाकडं राहिलेल्यांनो, आम्ही गेलो म्हणून तुम्ही आम्हाला बोल लावता, लावा. आणि माझ्यासारखं उठून आलेल्यांनो, तुम्ही बाकावर बसून गावाच्या पाऊसपाण्याचं बोलता, बोला. पण घर कशाला म्हणायचं ते मला आता कळलंय. जिथं तुम्ही ताट सारलं तर कुणीतरी आठ वर्षं रुसून बसतं, ते घर. मलकापुरात मी ताट सारलं तर सून म्हणते, "बरं मामा, नंतर खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता कराडच्या स्टँडवरून दहिवडीची गाडी धरली. तिथनं गाडी बदलून म्हसवडला उतरलो आणि वडापनं वाडीवर गेलो. बापू अंगणात मेंढराचा खूर साफ करत बसला होता. लय वाळलाय. त्यानं मान वर केली, बघितलं आणि परत खुराला लागला. सुंदरा दारात आली. तिच्या मागं ओट्याच्या कडेला ते गाडगं होतं, कोंबड्यांना पाणी ठेवलेलं, काठ उडालेला.

मी बूट काढले आणि बापूच्या शेजारी भुईवर बसलो. माफी मागायचं मला येत नाही, कुणी शिकवलं नाही. मी म्हणालो, "सुंदरे, त्या दिवशीचं माझं जेवान ऱ्हायलंय. शेंगा हाईत का घरात?"

ती बापूकडं बघायला लागली. बापूच बोलला, खुरावरची नजर न काढता.

"मसाल्याला वास येतोय बरं का, दादा."

"येऊ दे," मी म्हणालो. "म्हून तर आलोय."