काकूंची तिसरी खेप

काकूंना कुलपांचा भारी राग. एरवी बाई गरीब स्वभावाची, पण यादीतलं घर बंद निघालं की कपाळाला आठ्या. माहेर कराडचं, यजमान हवाई दलात. चंदीगडला बदली झाली आणि काकू आमच्या सर्वेक्षणात सुपरवायझर झाल्या. मी नागपूरहून शिकायला आलेली, त्यांच्या हाताखाली. गोवराची लस खरंच किती पोरांपर्यंत पोचली, हे आम्ही आसपासच्या गावांत दारोदार विचारत फिरायचो. त्यावरून पुढची मोहीम ठरायची.

घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली. बंद घराला तीन खेपा घालायच्या, त्याच्या बदली शेजारचं घर घ्यायचं नाही. "ज्यांची आई दिवसभर शेतात, त्यांचीच पोरं लसीवाचून राहतात गं," त्या म्हणायच्या. "आणि आपण शेजारणीला विचारून लिहिणार, सगळं छान."

हिंदी मात्र कराडी वळणाचं. "बहनजी, बच्चे को टोचा क्या?" बायका चुन्नी तोंडाला लावून हसायच्या आणि लस्सीचा पेला पुढे करायच्या.

पंजाबात ते दहशतीचे दिवस, रोज कुठे ना कुठे अतिरेक्यांचा गोळीबार. एका गावातल्या घराला दोनदा कुलूप मिळालं आणि तिसऱ्यांदा जायला माझे पायच उचलेनात. खोलीवर बसून मी शेजारणीच्या पोराची माहिती त्या घराच्या फॉर्मवर उतरवली. दोन दिवस तो फॉर्म गठ्ठ्यात तसाच ठेवला. शेवटी काकूंना सांगून टाकलं.

वाटलं, फाडून खातील. त्यांनी फक्त फॉर्म फाडला. "घाबरलीस ना? मग 'गेले नाही' असं लिहायचं. खोटं पोर कशाला जन्माला घालायचं?" मग पिशवी आवरत म्हणाल्या, "तू थांब. उद्या मी जाऊन येते."

परतीच्या बसवर गोळीबार झाला. काकू गेल्या.

चार दिवसांनी त्यांची पिशवी ऑफिसात आली. आत फॉर्म भरलेला होता. दोन मुली, लस एकीलाही नाही. त्यावरून नर्स त्या वस्तीवर गेली, दोघींना टोचून आली. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. समाधान कसलं, नुसतं रडू येतं.

यजमान सामान बांधत होते तेव्हा मी भेटायला गेले. त्यांनी विचारलं, "तिचं काम पुरं झालं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. ते काम काकूंचं नव्हतं, माझं होतं, हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "बस, चहा टाकतो. तुझं फार कौतुक होतं तिला."

मी चहा प्यायले आणि निघून आले.