रॉकेट लाँचरच्या मागे

दहशतवादाच्या त्या वर्षांत पंजाबात रोज माणसं मारली जात होती, आणि चंदीगडच्या आमच्या मेडिकल हॉस्टेलात आम्ही फासे टाकून युद्ध खेळत होतो. खेळाच्या नियमांच्या परदेशी पुस्तकात खांद्यावरून डागायच्या फ्रेंच रणगाडाविरोधी रॉकेट लाँचरांचा तक्ता होता. त्याच्या प्रती काढायला मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

दुकानदार निवृत्त फौजी सरदारजी होते. प्रत्येक कागद ते आधी तळहाताने सपाट करत, मग काचेवर ठेवत. हा तक्ता मात्र त्यांनी बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला.

"रेंज लिखी है, मार लिखी है," ते कडाडले. "चलाते वक्त पीछे जो आग निकलती है, वो कहाँ लिखी है? पीछे भी आदमी खड़ा होता है, पुत्तर!"

"अंकल, गेम है," मी म्हणालो.

त्यांनी प्रती काढल्या आणि प्रत्येकीवर लाल पेनाने लिहिलं, ‘पीछे कौन है?’

मी भडकलो. कागद खराब केलेत म्हणून भांडलो, पुन्हा प्रती काढायला लावल्या. ते मशीनकडे वळले, तेव्हा त्यांच्या दाढीतला भाजून आक्रसलेल्या कातडीचा पट्टा मला दिसला. तो कशाचा, हे मला तिथल्या तिथे कळलं.

तरी मी एवढंच म्हणालो, "थोडा डार्क निकालना, अंकल."

त्या वाक्याचा मला अजून संताप येतो.