सुभेदारांच्या खिडकीचा पडदा

पडदा मी स्वतः शिवला. कुणी मागितला नव्हता, कुणी भरीस घातलं नव्हतं. फलटणला जाऊन जाड, गर्द निळं कापड आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, चुण्यांचा पाहिजे तर खिडकीच्या दुप्पट कापड लागंल." म्हटलं, द्या दुप्पट. हात आखडायचा माझा स्वभाव नाही.

आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले आणि तीन वर्षांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. खाट रस्त्याकडच्या खिडकीला लावली होती, उजेड येतो म्हणून. त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याला जातात. जाणारा-येणारा खिडकीतून हाक मारायचा, "रामराम सुभेदार! काय म्हणतीया तब्येत?" हे डावा हात वर करायचे.

आणि मला काय वाटायचं? लाज. खरं तेच सांगते. ज्या माणसाच्या कडक इस्त्रीचं गावभर कौतुक, त्याचं तोंड वाकडं झालंय, लाळ गळतेय, ते कुणीही यावं आणि वाकून बघावं? मला सोसेना. त्यांची अब्रू झाकायची, एवढंच डोक्यात बसलं होतं.

मशीन खाटेशेजारीच मांडलं. खडूनं खुणा केल्या, चार-चार बोटांवर चुण्या घातल्या, टाचण्या लावल्या, वर पट्टी धरून टीप मारली. हे टक लावून बघत होते. पडदा टांगून मी विचारलं, "कसा दिसतोय?" त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत खिडकीकडे. मला वाटलं, आवडला.

तिसऱ्या दिवशी कडेच्या चुण्या उसवलेल्या. डाव्या हातानं खालची कड धरून इतकं ओढलं होतं की वरची टीप सुटली. माझं डोकंच फिरलं. "आवं, ल्हान पोर हाय का तुमी? कितींदा शिवायचं मी?" परत शिवला, दुहेरी टीप घालून. आठवड्यात परत तेच. असा चार वेळा शिवला, आणि चारही वेळा त्यांना बोलले. शेवटी पडद्याला हातच पोचू नये म्हणून खाट हातभर आत ओढली. त्या दुपारी त्यांनी भिंतीकडे मान फिरवली आणि जेवायला तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, रुसू देत.

पुढे हाकाही थांबल्या. बरं झालं, आराम मिळतोय, असंच मी धरून चालले. उसाचा हंगाम संपायच्या आत ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर एक ट्रॅक्टरवाला भेटायला आला. पायरीवर बसून त्यानं चहा घेतला. मग म्हणाला, "वैनी, पडदा लागला तवा आमी समाजलो, सुभेदारास्नी आता हाक मारल्याली आवडत न्हाई. मग कुणीच हाक मारंना. मी आपला हॉर्न तेवढा वाजवायचो, रोज. त्यास्नी ऐकू जायाचा का?"

"व्हय, जायाचा," मी म्हणाले.

हॉर्न वाजला की यांचा डावा हात उठायचा. खाट आत ओढल्यावरसुद्धा उठायचा, पडद्याच्या दिशेनं. मी रोज बघत होते, रोज! आणि वर म्हणायचे, "झाला का यांचा चाळा सुरू." त्यांना रस्ता पाहिजे होता, बाकी काही नाही. तोंड वाकडं झाल्याची लाज त्यांना नव्हतीच. ती माझी होती, आणि मी ती त्यांच्या खिडकीला टांगली.

तो गेल्यावर ब्लेड घेऊन बसले आणि एकेक चुणी उसवली. दुहेरी टीप, लवकर सुटता सुटेना. मग खाट ओढून पुन्हा खिडकीला लावली आणि तिच्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची ट्रॉली आली. खिडकी उघडी दिसली तशी त्यानं सवयीनं हॉर्न वाजवला आणि खिडकीकडे बघितलं. माझा हात वर झाला नाही. ती हाक माझ्यासाठी नव्हती.